उद्या पुन्हा गाठ पडणार असते तेव्हा

महाराष्ट्राच्या अनेक भागांत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या 'सावड' करत आले आहेत. एकाकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक बैल; दोघांचे मिळून एक औत होते. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, असे ठरते आणि दोघांचीही पेरणी उरकते. कोकणात भाताच्या लावणीला माणसांचीच सावड होते. आज एका घरची लावणी, उद्या दुसऱ्या घरची. या व्यवहारात पैसा नसतो, कागद नसतो, जामीनही नसतो. तरीही त्यात एक अवघड जागा आहे. ज्याचे शेत आधी पेरून होते त्याचे काम संपलेले असते. दुसऱ्या दिवशी त्याने आपला बैल घरीच बांधून ठेवला आणि स्वतःचे दुसरे काम उरकून घेतले, तर त्या दिवसापुरता तो फायद्यातच राहील. वाफसा निघून गेल्यामुळे शेजाऱ्याची पेरणी हुकली, तर तो तोटा शेजाऱ्याचा. असे असूनही तो सकाळी बैल घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर हजर होतो. का होतो?

स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४० मध्ये जवळजवळ हेच उदाहरण दिले होते, पण त्याच्या गोष्टीचा शेवट वेगळा होता. एकाचे पीक आज कापणीला आले आहे, दुसऱ्याचे उद्या येणार आहे. एकमेकांना हात दिला तर दोघांचेही भले आहे. परंतु परस्परांवर भरवसा नसल्यामुळे दोघे एकेकटे राबतात आणि दोघांचेही पीक हातचे जाते. ह्यूमचे दोन शेतकरी आणि सावड करणारे दोन शेतकरी यांची गरज सारखी, लोभ सारखा आणि व्यवहारही सारखाच. मग एका ठिकाणी सहकार्य घडते आणि दुसऱ्या ठिकाणी घडत नाही, हा फरक कशाने पडतो?

'माणसे चांगली असतील तर सहकार्य होते' हे उत्तर तोंडावर येते, पण ते फार दूर नेत नाही. गावात दिलेला शब्द काटेकोरपणे पाळणारा माणूस अनोळखी शहरात, जिथे त्याला पुन्हा कधीच जायचे नाही तिथे, वेगळा वागू शकतो. माणूस तोच असतो. बदललेली असते ती परिस्थिती. परिस्थितीत नेमके काय बदलले हे मोजून-मापून सांगण्याचे साधन गणिताच्या ज्या शाखेने दिले तिला गेम थिअरी, मराठीत खेळ सिद्धांत, म्हणतात. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये तिची पायाभरणी केली. येथे 'खेळ' म्हणजे अशी कोणतीही परिस्थिती की जिच्यात माझ्या पदरात काय पडेल हे केवळ माझ्या निर्णयावर नव्हे, तुमच्याही निर्णयावर अवलंबून असते.

सावडीतला पेच आकड्यांत मांडून पाहू. दोघांनीही शब्द पाळला, म्हणजे साथ दिली, तर प्रत्येकाला ३ गुण मिळतात असे समजू. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा दिला, तर दगा देणाऱ्याला ५ आणि साथ देणाऱ्याला ०. दोघांनीही दगा दिला, तर प्रत्येकाला १. आता एका शेतकऱ्याच्या मनाने विचार करा. शेजारी साथ देणार असेल तर मला साथ देऊन ३ मिळतील आणि दगा देऊन ५. शेजारी दगा देणार असेल तर मला साथ देऊन काहीच मिळणार नाही, दगा देऊन निदान १ मिळेल. शेजारी काहीही करो, दगाच फायद्याचा ठरतो. शेजारीही डोके चालवणारा आहे, त्यामुळे तोही याच निष्कर्षाला येतो. परिणामी, जिथे प्रत्येकाला ३ मिळू शकत होते तिथे दोघेही १ घेऊन घरी जातात. दोघांनीही अगदी बिनचूक हिशेब केला आणि त्या बिनचूक हिशेबानेच दोघांचे नुकसान झाले. या विषयाचा सगळा गाभा या एका विसंगतीत आहे, म्हणून वाचकाने पुढे जाण्यापूर्वी हे चार आकडे एकदा स्वतः मांडून पाहावेत.

हा खेळ मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत तयार केला. त्याच वर्षी गणितज्ञ अल्बर्ट टकर यांनी त्याला वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलेल्या दोन कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले. तेव्हापासून तो 'कैद्यांचा पेच' या अर्थाच्या नावाने जगभर ओळखला जातो. फ्लड आणि ड्रेशर यांनी आपल्या दोन परिचितांना, आर्मेन अल्चियन आणि जॉन विल्यम्स यांना, अशाच स्वरूपाचा खेळ एकमेकांशी सलग १०० वेळा खेळायला लावला. हिशेब असे सांगत होता की दोघेही प्रत्येक वेळी दगा देतील. प्रत्यक्षात १०० पैकी ६० वेळा दोघांनीही साथ दिली. हे निकाल पाहून गणितज्ञ जॉन नॅश यांनी एक मार्मिक आक्षेप घेतला, की हे १०० सुटे खेळ नाहीतच, हा अनेक चालींचा मिळून एकच मोठा खेळ आहे. आक्षेप म्हणून काढलेल्या या मुद्द्यातच खरे म्हणजे उत्तराची किल्ली होती.

सुट्या खेळात दगा देणाऱ्याला त्याचा फायदा लगेच मिळतो आणि हिशेब तिथेच मिटतो. खेळ पुन्हा होणार असेल तर आजच्या दग्याची किंमत उद्या मोजावी लागू शकते. मात्र येथे एक सूक्ष्म अट आहे. खेळ बरोबर १०० वेळा होणार आणि त्यानंतर कधीच नाही, हे दोघांना पक्के ठाऊक असेल, तर शंभराव्या वेळी उद्याची भीती उरत नाही, म्हणून तिथे दगा ठरलेला. शंभरावा डाव असा आधीच बुडीत खात्यात गेला की नव्व्याण्णवाव्या डावात चांगले वागून काही वाचवता येत नाही, म्हणून तिथेही दगा. आणि असे मागे येत येत काटेकोर तर्क पहिल्या डावापर्यंत पोहोचतो. सहकार्य टिकायचे तर शेवट कधी आहे हे माहीत नसावे लागते. गावातल्या शेजाऱ्यांच्या बाबतीत ही अट आपोआप पुरी होते, कारण या हंगामानंतर पुढचा हंगाम असतो आणि बांधाला बांध लागून असलेला माणूस बदलता येत नाही.

पुन्हा गाठ पडण्याच्या या शक्यतेला अभ्यासकांनी 'भविष्याची सावली' असे सुंदर नाव दिले आहे. ती किती लांब हवी याचे गणित अवघड नाही. समजा, प्रत्येक डावानंतर आणखी एक डाव होण्याची शक्यता दहात नऊ आहे, म्हणजे सरासरी दहा डाव होतील. शेजारी 'जशास तसे' या रीतीने वागतो असे धरा. पहिल्यांदा तो साथ देतो आणि त्यानंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच परत करतो. त्याला प्रत्येक वेळी साथ दिली तर दहा डावांत तीस गुण होतात. पहिल्याच डावात दगा देऊन तेच चालू ठेवले तर एकदा ५ मिळतात, पण नंतरच्या सरासरी नऊ डावांत १-१ गुणच हाती लागतो, एकूण चौदा. तीस आणि चौदा यांतला फरक पाहिला की बैल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचे वागणे समजते. याच गुणांनी पुढे हिशेब केला तर असे दिसते की सरासरी किमान तीन वेळा गाठ पडण्याची अपेक्षा असेल, तर जशास तसे वागणाऱ्याला कोणत्याही युक्तीने दगा देऊन सतत साथ देण्यापेक्षा जास्त मिळवता येत नाही. म्हणजे त्यासाठी जन्मभराचे नाते असावे लागत नाही.

गणिताने असे दाखवले की सहकार्य टिकू शकते. पण जगात भोळे, कपटी, सूडबुद्धीचे, लहरी अशा नाना तऱ्हांचे लोक एकत्र असताना कोणती रीत तग धरते, हे केवळ सूत्रांनी कळत नाही. मिशिगन विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी त्यासाठी १९८० च्या सुमारास एक स्पर्धा घेतली. गेम थिअरीच्या जाणकारांना त्यांनी हा पेच खेळणारे संगणकीय प्रोग्रॅम पाठवायला सांगितले. चौदा प्रोग्रॅम आले. त्यांत नाणेफेकीसारखा लहरीने खेळणारा एक घालून प्रत्येकाचा प्रत्येकाशी २०० डावांचा सामना झाला. काही प्रोग्रॅम लांबलचक आणि चलाख होते, प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेऊन अधूनमधून गुपचूप दगा देणारे होते. जिंकला तो सर्वांत छोटा प्रोग्रॅम, टोरांटो विद्यापीठाचे अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेला 'जशास तसे'. त्याला प्रत्येक सामन्यात सरासरी ५०४ गुण मिळाले. दोघांनी शेवटपर्यंत साथ दिली तर ६०० होतात.

ॲक्सेलरॉड यांनी हे निकाल सविस्तर जाहीर करून दुसरी स्पर्धा घेतली. या वेळी सहा देशांतून ६२ प्रोग्रॅम आले. कोण जिंकला आणि का जिंकला हे सर्वांना माहीत होते, त्याला हरवण्याच्या युक्त्या करूनच अनेकजण उतरले होते, आणि तरीही 'जशास तसे' पुन्हा पहिला आला. पहिल्या स्पर्धेच्या निकालातील एक गोष्ट मला त्या विजयापेक्षाही महत्त्वाची वाटते. त्या स्पर्धेतले वरचे आठही प्रोग्रॅम असे होते की त्यांनी आपणहून, पहिल्यांदा, कधी दगा दिला नव्हता. त्या आठांपैकी शेवटच्याचे सरासरी गुण ४७२ होते, तर आपणहून दगा देणाऱ्यांपैकी सर्वांत यशस्वी प्रोग्रॅमचे ४०१. या दोन आकड्यांच्या मध्ये कोणीच नव्हते.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. 'जशास तसे' हा प्रोग्रॅम कोणत्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. तो पहिला दगा देत नाही आणि मिळालेल्या दग्याचीच परतफेड करतो, त्यामुळे फार तर बरोबरी साधतो किंवा थोडा मागे राहतो. एकाही सामन्यात वरचढ न ठरता तो स्पर्धा जिंकला, कारण त्याच्याशी खेळताना समोरच्यालाही भरपूर मिळत होते आणि इतर प्रोग्रॅम एकमेकांना ओरबाडून दोघेही खाली जात होते. कुस्तीत एकाने जिंकायचे तर दुसऱ्याने हरावेच लागते. संसारातले, शेतीतले, बाजारातले बहुतेक व्यवहार तसे नसतात. आपण मात्र शेजाऱ्याला किती मिळाले यावर नजर ठेवून अशा व्यवहारांनाही कुस्ती समजतो आणि त्यात हातचे ३ घालवतो.

'जशास तसे' ही सर्व काळी सर्वांत श्रेष्ठ रीत आहे, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. आजूबाजूला कोण आहेत यावर रीतीचे यश अवलंबून असते. एका दग्याकडे दुर्लक्ष करून सलग दोन दग्यांनंतरच प्रत्युत्तर देणारा प्रोग्रॅम पहिल्या स्पर्धेत कोणी पाठवला असता तर तो जिंकला असता. दुसऱ्या स्पर्धेत तो उतरला तेव्हा त्याच्या सोशिकपणाचा गैरफायदा घेणारे हजर होते आणि तो चोविसाव्या क्रमांकावर गेला.

आता सर्वांत कठीण प्रश्न. सहकार्य करणारे आधीच पुष्कळ असतील तर त्यांचे चांगले चालेल, हे कळले. पण जिथे सगळेच दगाबाज आहेत तिथे पहिला प्रामाणिक माणूस आला तर तो बुडणारच. मग सहकार्य मुळात उगवते कसे? त्याच दहा डावांच्या हिशेबाने पाहू. दगाबाजाची दगाबाजाशी गाठ पडली की त्याला १० गुण मिळतात. जशास तसे वागणाऱ्याची दगाबाजाशी गाठ पडली तर पहिला डाव फुकट जातो आणि बाकीच्यांत ९ मिळतात, म्हणजे तो फक्त एका गुणाने मागे राहतो. तशाच दुसऱ्याशी गाठ पडली तर त्याला ३० मिळतात, म्हणजे वीस गुणांची आघाडी. एकटा असेल तर तो हरतो; पण असे थोडेजण एकमेकांच्या आसपास असतील आणि त्यांच्या एकवीस गाठींपैकी एकीहून थोड्या जास्त जरी आपसात पडत असतील, म्हणजे शेकडा पाच गाठी आपसात असल्या, तर त्यांची सरासरी दगाबाजांच्या वर जाते. उरलेल्या पंच्याण्णव गाठी दगाबाजांशीच असल्या तरी हे खरे ठरते. उलट दिशेने असे होत नाही. जशास तसे वागणाऱ्यांच्या वस्तीत दगाबाजांची टोळी शिरली तर टोळीतल्या आपसांतल्या गाठींतून त्यांना १०-१० गुणच मिळतात, इतरांकडून १४. आणि वस्तीतले लोक आपसात ३० मिळवत असतात.

हा निष्कर्ष मी पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिला तेव्हा आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो होतो. सहकार्याला सुरुवात करायला सगळा समाज सुधारावा लागत नाही, कोणी राजा किंवा पोलीस लागत नाही. एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटणारे, एकमेकांना ओळखणारे थोडे लोक एकत्र असणे पुरते. नातेवाइकांची वस्ती, एक वाडी, एक पेठ, अशा लहान पुंजक्यांतून ते पसरू शकते. ॲक्सेलरॉड यांनी जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांच्यासह १९८१ मध्ये हाच विचार जीवसृष्टीला लावून दाखवला, जिथे बुद्धी आणि सदिच्छा यांचा प्रश्नच येत नाही.

सदिच्छा नसतानाही सहकार्य उगवते याचा माणसांमधला सर्वांत विलक्षण दाखला पहिल्या महायुद्धातला आहे. पश्चिम आघाडीवर ब्रिटिश आणि जर्मन सैनिक शे-दोनशे पावलांवरच्या खंदकांत महिनोन्‌महिने समोरासमोर होते. त्यांना एकमेकांना मारण्याचा हुकूम होता. तरी अनेक शांत टापूंत 'जगा आणि जगू द्या' अशी न बोललेली समजूत तयार झाली. जेवणाच्या वेळी गोळीबार होत नसे, तोफा रोज ठरावीक वेळी ठरावीक रिकाम्या जागी मारा करत. नेमबाज भिंतीवर एकाच ठिकाणी गोळ्या मारून भोक पाडून दाखवत, म्हणजे मनात आणले तर आम्ही अचूक मारू शकतो हे समोरच्याला कळे. एका बाजूने समजूत मोडली की दुसरीकडून लगेच जबर परतफेड होई आणि पुन्हा शांतता येई. मैत्री नव्हती, संभाषणही फारसे नव्हते. तीच तुकडी उद्याही समोर असणार, एवढेच होते. वरिष्ठांनी हे मोडून काढले तेही याच किल्लीने. लहान तुकड्यांना शत्रूच्या खंदकात घुसून हल्ले करायला लावले गेले. हल्ला खोटा दाखवता येत नसे, कारण कैदी किंवा मृतदेह हा त्याचा पुरावा असे. आणि खऱ्या हल्ल्यानंतर परतफेड टळत नसे. या उदाहरणात आणखी एक सावधगिरीची सूचना दडलेली आहे. सहकार्य स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. भाव पाडून खरेदी करायची असे आपसात ठरवणाऱ्या व्यापाऱ्यांची एकीही याच गणिताने टिकते.

खऱ्या जगात चुका होतात आणि 'जशास तसे' येथे अडखळते. सावडीच्या दिवशी बैल खरोखरच आजारी पडला आणि निरोप पोहोचला नाही, तर शेजाऱ्याला तो दगा वाटतो. तो पुढच्या वेळी येत नाही. मग पहिला त्याची परतफेड करतो. आणि मुळात कोणाच्याही मनात पाप नसताना परतफेडीची माळ सुरू होते. भाऊबंदकीच्या कित्येक भांडणांत मूळ प्रसंग कोणालाच नीट आठवत नाही, परतफेडी मात्र सगळ्यांना पाठ असतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवले की चुका होणाऱ्या जगात दीर्घकाळ टिकते ती थोडी उदार रीत: साथीला नेहमी साथ, पण दग्याला दर वेळी दगा नाही. आपण घेतलेल्या गुणांनी ते प्रमाण साधारण तीनांत एकदा माफी असे येते. याहून कमी माफी असेल तर चुकांची माळ लांबते, याहून जास्त असेल तर लबाडांचे फावते. क्षमा ही येथे साधुत्वाची खूण म्हणून येत नाही, दुरुस्तीचे अवजार म्हणून येते.

आतापर्यंतचा सगळा हिशेब दोघांचा होता. समाज दोघांचा नसतो, आणि माणसे वाढली की पेच पुष्कळ बिकट होतो. समजा, चौघांना प्रत्येकी २० रुपये दिले आणि सांगितले की सामायिक पेटीत टाकलेल्या प्रत्येक रुपयामागे चौघांनाही ४०-४० पैसे मिळतील. एक रुपया टाकला की गटाला १ रुपया ६० पैसे मिळतात, पण टाकणाऱ्याच्या हाती ४० पैसेच परत येतात. सर्वांनी सगळे टाकले तर प्रत्येकाचे २० चे ३२ होतात. आपण सोडून बाकी तिघांनी टाकले तर आपले ४४ होतात. स्वित्झर्लंडमध्ये अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर यांनी याच प्रकारचे प्रयोग खेळातल्या चलनात घेतले, तेव्हा लोक सुरुवातीला बऱ्यापैकी देत आणि मग फेरीगणिक देणे आटत जाई. कारण फुकट्याला धडा शिकवायचा तर आपणही देणे थांबवायचे एवढाच मार्ग होता, आणि त्याने प्रामाणिकांनाही शिक्षा होत होती. नेम धरून परतफेड करता येत नाही, ही गटातली मुख्य अडचण आहे. मग त्यांनी एक सोय दिली: स्वतःच्या पदरचे १ चलन खर्च करून कोणत्याही एका सदस्याचे ३ कापता येतील. दर फेरीत गट बदलत होते, शिक्षा करणाऱ्याला स्वतःला काही मिळणार नव्हते, तरी लोकांनी पदरमोड करून शिक्षा केल्या आणि देणगी वर चढली. याच धर्तीचे प्रयोग पुढे जगातल्या सोळा शहरांत झाले तेव्हा काही शहरांत भलतेच दिसले. तिथे जास्त देणाऱ्यांनाच शिक्षा होत होती. म्हणजे नुसता दंडाचा अधिकार पुरत नाही. तो कोण, कोणाला आणि कोणत्या मर्यादेत वापरतो हे ठरलेले असावे लागते.

ते प्रत्यक्षात कसे ठरते, हे शोधण्यात अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे आयुष्य गेले. सामायिक कुरण असले की प्रत्येकजण एक जनावर जास्त सोडतो आणि कुरण उजाड होते, असे जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. त्यावरून एक तर सरकारने ताबा घ्यावा किंवा वाटून खासगी करावे, असे दोनच मार्ग लोक सांगू लागले. ऑस्ट्रॉम यांनी शतकानुशतके टिकलेली सामायिक कुरणे आणि कालवे प्रत्यक्ष तपासले. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम आहे की हिवाळ्यात जितक्या गाई घरच्या चाऱ्यावर पोसता येतात, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरकुरणात सोडाव्यात. तो मोजायला सोपा आणि चुकवायला अवघड आहे. अशा टिकाऊ व्यवस्थांत त्यांना हद्द ठरलेली दिसली, नियम करण्यात वापरणाऱ्यांचाच हात दिसला, राखणदार त्यांनाच जबाबदार दिसला आणि पहिल्या चुकीला किरकोळ दंड, वारंवार चुकणाऱ्याला चढता दंड, असा क्रम दिसला. नोवाक आणि सिगमुंड यांच्या उदार परतफेडीचेच हे गावकऱ्यांनी अनुभवाने शोधलेले रूप आहे, असे मला वाटते. या कामासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

आपल्याकडची धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धत याच जातीची आहे. पांझरा, मोसम, आराम अशा नद्यांवर लहान बंधारे घालून पाटाने पाणी घ्यायचे आणि भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटायची, ही व्यवस्था काही शतकांची आहे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि ते पाळीपाळीने बदलायचे. या एका नियमाने बरेच प्रश्न सुटतात. फडातल्या सगळ्यांना पाणी एकाच वेळी, सारखेच लागते. कोणी जास्त पाण्याचे पीक लावले तर ते विचारावे लागत नाही, दिसतेच. पाणी फिरवायला पाटकरी असतो, म्हणजे प्रत्येकाने रात्रभर बारे धरून शेजाऱ्यावर पाळत ठेवायची गरज उरत नाही. पाट साफ करायला सगळ्यांना यावे लागते. पाणी कमी पडले तर कोणता फड भिजवायचा हे मिळून ठरते, आणि ज्यांची जमीन सगळ्या फडांत थोडी थोडी आहे त्यांचे पूर्ण नुकसान होत नाही.

विहीर आणि विजेचा पंप आल्यावर हा खेळच बदलला. ज्याची स्वतःची विहीर झाली त्याला पाटाच्या पाळीसाठी शेजाऱ्यांचे तोंड पाहावे लागत नाही. ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला तेव्हा सावडीचेही असेच झाले. माणसे स्वार्थी झाली असे म्हणून आपण हळहळतो, पण गुणांचा तक्ताच बदलला हे अधिक अचूक वर्णन आहे. प्रत्यक्षात जमिनीखालचे पाणी पाटाच्या पाण्याइतकेच सामायिक आहे. फरक इतकाच की पाटातून कोणी किती घेतले ते काठावरून दिसत होते आणि बोअरमधून कोण किती उपसतो ते दिसत नाही. न दिसणाऱ्या दग्याला परतफेड करता येत नाही, म्हणून येथे सहकार्य सर्वांत आधी मोडते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने नेमके याच जागी हात घातला. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० नंतर गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि ऊस, केळी अशा जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन आणले. बोअर आणि ऊस या दोन्ही गोष्टी लपवता येत नाहीत. उपसलेले पाणी दिसत नसले तरी शिवारातून फिरणाऱ्या कोणालाही त्या दिसतात. पाऊस किती पडला हे गावातच मोजले जाते, पिण्याला, गुरांना आणि शेतीला किती पाणी उरेल याचा ताळेबंद मांडला जातो, आणि त्या वर्षी कोणते पीक घ्यायचे व कोणते नाही ते सगळ्या गावासमोर ग्रामसभेत ठरते.